मेंदूतल्या गाठींची रेषा कॉम्प्युटर आखतो, त्यावर भरवसा ठेवावा का?

खारघरला वडिलांच्या रेडिएशनची तयारी चालू आहे, असं तुम्ही लिहिलंय. किरण नेमके कुठे द्यायचे हे ठरवायला गाठीच्या कडेने रेषा आखतात; कॉम्प्युटर आखतो तो तिचा कच्चा खर्डा. अंतिम मंजुरी रेडिएशन ऑन्कोलॉजिस्टची, म्हणजे किरणोपचार करणाऱ्या कॅन्सरच्या डॉक्टरचीच.

कॉन्ट्रास्ट (गाठ उजळून दिसावी म्हणून शिरेतून दिलेलं औषध) देऊन काढलेला एमआरआय उपचाराच्या आखणीसाठी काढलेल्या सीटी स्कॅनवर जुळवतात. गाठ एमआरआयवर नीट दिसते, डोसचा हिशेब सीटीवर होतो. सॉफ्टवेअर उजळलेला भाग शोधून रेषा मारतं. मोठ्या, ठळक गाठी ते झटक्यात पकडतं. खरी पंचाईत ३-४ मिलिमीटरच्या ठिपक्यांची: काही सुटतात, तर कधी आडवी कापली गेलेली रक्तवाहिनीच गाठ म्हणून रंगते. ऑपरेशन झालेल्या जागी तर मी त्यावर अजिबात विसंबणार नाही. म्हणूनच डॉक्टर एकेक स्लाइस बघून रेषा सरकवतात, दृष्टीची नस किंवा ब्रेनस्टेम (मेंदूचा बुंधा) जवळ असेल तर जास्तच बारकाईने. स्टिरिओटॅक्टिक उपचारात, म्हणजे किरण अगदी नेमके गाठीवर रोखतात तेव्हा, गाठीभोवती साधारण १-२ मिलिमीटरच जास्तीची जागा धरतात, कधी तीही नाही.

सॉफ्टवेअर कुठलं हे विचारण्यापेक्षा एमआरआय किती जुना चालेल ते विचारा. महिन्यापूर्वी वाशीत काढलेला असेल, तर एवढ्यात गाठ वाढलेली असू शकते. नवा काढायला सांगितला तर खर्चाकडे बघून टाळू नका.