लेहमध्ये पाणी खळखळ उकळत असूनही भात कच्चा का राहिला? मीठ आधी टाकलं असतं तर फरक पडला असता का?

तुमच्या तांदळाचा दोष नाही. लेहला पाणी उकळतं, पण हवं तेवढं तापत नाही.

पाणी तापत जातं तसा त्याच्या वाफेचा दाब वाढतो. हा दाब बाहेरच्या हवेच्या दाबाइतका झाला की पाण्याच्या पोटातच वाफेचे बुडबुडे धरू लागतात आणि पाणी उकळतं. म्हणजे किती अंशांना उकळायचं हे निम्मं हवा ठरवते. शाळेतला 100 अंशांचा आकडा समुद्रसपाटीचा, मुंबईत तो खरा. महाबळेश्वरला पाणी 95-96 अंशांनाच उकळतं. लेह साधारण 3,500 मीटरवर आहे, तिथे हवेचा दाब जवळजवळ एक तृतीयांशाने कमी, म्हणून उत्कलनबिंदू 88 अंशांच्या आसपास. गॅस कितीही मोठा करा, पाणी त्यापुढे सरकत नाही. जास्तीची सगळी उष्णता वाफ करण्यात जाते. पाणी आटतं, दाणा तसाच.

कुकर नेमकं हेच बदलतो. शिट्टीच्या वजनामुळे आत बाहेरच्यापेक्षा साधारण एक वातावरण (म्हणजे समुद्रसपाटीवरच्या हवेच्या दाबाइतका) जास्त दाब साठतो आणि मुंबईत पाणी 120 अंशांपर्यंत जातं. पण हा दाब 'बाहेरच्यापेक्षा जास्त' असतो, आणि लेहला बाहेरचाच कमी! त्यामुळे तोच कुकर तिथे 115 च्या आसपास अडतो. घरी चार शिट्ट्यांत होणारा राजमा तिथे जास्त वेळ मागतो तो यामुळेच.

आता मीठ. विरघळलेल्या पदार्थामुळे उत्कलनबिंदू वाढतो हे खरं, पण किती? लिटरभर पाण्याला एक अंश वाढवायचा तर जवळपास 58 ग्रॅम मीठ लागतं. चमचाभर मिठाने अंशाचा दहावा भाग वाढेल. मीठ विरघळायचं थांबेपर्यंत टाकत राहिलात, तरी समुद्रसपाटीवर ते पाणी 109 च्या आतच उकळतं. लेहचे हरवलेले 12 अंश मिठाने भरून निघत नाहीत. तेव्हा मीठ चवीपुरतंच.

साखरेचं मात्र निराळं, कारण पाकात ती पाण्यापेक्षा कितीतरी जास्त असते. पाणी उडत जातं, पाक दाट होतो आणि उकळण्याचं तापमान चढत राहतं. गोळीबंद पाक 115 अंशांच्या आसपास येतो. हलवाई बोटांनी पाहतो ते थर्मामीटरनेही दिसतं.

द्रवाचा स्वभावही आहेच. अल्कोहोल 78 अंशांना उकळतं, पारा 357 ला. पाण्याचे रेणू हायड्रोजन बंधांनी एकमेकांना धरून असतात, नाहीतर इतक्या हलक्या रेणूचा पदार्थ खोलीच्या तापमानाला वायूच असता. हायड्रोजन सल्फाइडचा रेणू पाण्याच्या जवळपास दुप्पट जड, तरी तो उणे 60 अंशांनाच उकळतो.

पुढच्या वेळी कुकर न्या, नसेल तर तांदूळ आधी तासभर भिजवा आणि झाकण ठेवून शिजवा. ट्रेकला काही जण झाकणावर धोंडा ठेवतात. पाच किलोचा धोंडा आणि वीतभर रुंद झाकण धरलं, तर झाकण घट्ट बसूनही जेमतेम अर्धा अंश वाढेल. वाफ आत कोंडून थोडं इंधन वाचतं, तेवढाच त्याचा फायदा.