कोर्सचं नंतर बघू, आधी जामीनकीचं बोला

प्रश्न: मी सांगली जिल्ह्यातल्या अनुदानित माध्यमिक शाळेत शिक्षिका आहे. वय ४१, हातात पगार ६२,००० येतो. गृहकर्जाचा हप्ता १८,०००, घरखर्च ३०,००० च्या आसपास. बँकेत २,२०,००० ची मुदत ठेव आहे. ‘अध्यापनात इंटरनेटचा वापर’ या विषयातली वर्षभराची ऑनलाइन पदव्युत्तर पदविका करायची आहे. फी १,७५,०००. एकरकमी भरली तर १,५०,०००, नाहीतर १८ महिन्यांचे बिनव्याजी हप्ते. कोर्सनंतर पगार ४० टक्के वाढतो आणि शनिवार-रविवारी ऑनलाइन क्लास घेऊन महिना १५,००० सुटतात, असं त्यांचे समुपदेशक सांगतात. ठेव मोडू की हप्ते घेऊ? पतसंस्थेतून कर्ज काढणार होते, पण तिथे मी आणि आमचे लिपिक एका सहकारी सरांना जामीन आहोत (१० लाख, १२ टक्के, पाच वर्षं). त्यांनी दुसऱ्या बँकेचं कर्ज काढल्यापासून पतसंस्थेची कपात बसत नाही, चार हप्ते थकलेत, म्हणून माझा अर्ज अडलाय. सर २० महिन्यांनी निवृत्त होऊन ग्रॅच्युइटीतून सगळं फेडणार आहेत, त्यामुळे ती काळजी नाही.

उत्तर: ताई, काळजी तीच आहे. कोर्सचा निकाल दोन परिच्छेदांत लागतो, तो आधी लावून टाकू.

अनुदानित शाळेत पगार वेतनश्रेणीने ठरतो. या पदविकेसाठी वेगळी वेतनवाढ मिळत नाही, त्यामुळे ६२,००० वर ४० टक्के, म्हणजे महिना २५,००० कोण देणार, हे त्या समुपदेशकालाच विचारा. ऑनलाइन क्लासचे १५,००० तर विसराच. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २८ शिक्षकांना खाजगी शिकवणी घ्यायला मनाई करतं आणि खाजगी शाळा सेवाशर्तींच्या नियमावलीतही शिकवणीवर बंधनं आहेत. पगार सरकारचा घेणाऱ्या शिक्षिकेला हे उत्पन्न दाखवून कोर्स विकणं याला मी फसवणूक म्हणतो. ‘बिनव्याजी’चंही तेच. रोख किंमत दीड लाख असेल तर खरं कर्ज दीड लाखाचंच. त्यावर ९,७२२ चे १८ हप्ते म्हणजे २५,००० जादा, आणि मुद्दल दर महिन्याला कमी होत असल्याने व्याजदर पडतो २० टक्क्यांच्या आसपास. तुमची पतसंस्था १२ टक्क्यांनी देते.

कागद कोणाचा मिळणार तेही पाहा. पदविका विद्यापीठाची असेल तर यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर त्या विद्यापीठाचं आणि त्याच अभ्यासक्रमाचं नाव चालू सत्राच्या यादीत असायला हवं. विद्यापीठाचं नाव आहे, अभ्यासक्रमाचं नाही, असा प्रकार सर्रास आढळतो. पावतीवर कंपनीचं नाव आणि १८ टक्के जीएसटी दिसला, तर तुम्ही बहुधा पदविका नव्हे, कंपनीचं प्रमाणपत्र विकत घेताय.

आता सरांचं कर्ज. १० लाख, १२ टक्के, ६० महिने म्हणजे हप्ता सुमारे २२,२५०. चार थकले, वीस उरले. आजची बाकी धरा ४,९०,०००. भारतीय करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळं काही ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. निम्मी नाही, कर्जदारानंतर नाही. सगळी, आणि लगेच. पतसंस्था तुमच्या एकटीकडे पूर्ण रक्कम मागू शकते. लिपिकांकडून निम्मे वसूल करणं हा मग तुमचा प्रश्न.

‘ग्रॅच्युइटीतून फेडतो’ हे वाक्य पतसंस्थांमध्ये फार ऐकू येतं. आज सरांना पगार आहे, म्हणून महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या (सहकार कायद्याच्या) कलम ४९ खाली शाळेला तो कापायला लावता येतो. निवृत्तीनंतर पगारपत्रकातून त्यांचं नाव जातं आणि कपातीचा रस्ता बंद होतो. ग्रॅच्युइटी आणि निवृत्तिवेतनावर टाच आणणं कायद्याने अवघड आहे. मग पगार चालू असलेलं कोण उरतं? तुम्ही, अजून सतरा वर्षं. वसुली अधिकारी सोपं माणूस आधी धरतो. म्हणजे २० महिने ही तुमच्याच हातातली मुदत आहे, आणि तीही अर्जविनंत्यांत झपाट्याने सरेल.

‘कपात बसत नाही’ हेही मला पटत नाही. बँकेचा हप्ता साधारणपणे पगार खात्यात जमा झाल्यावर जातो, पतसंस्थेची कपात त्याआधी पगारपत्रकातच होते. त्या बँकेचीही कपात पत्रकातूनच होत असेल तर गोष्ट वेगळी, पण मग पतसंस्थेने शाळेकडे मागणी कधी, किती रकमेची पाठवली, हे कागदावर दिसलं पाहिजे. सरांना दुखवायचं नाही म्हणून मागणीच गेली नाही, असंही असू शकतं.

या आठवड्यात पतसंस्थेला अर्ज द्या आणि स्थळप्रतीवर आवक शिक्का घ्या. त्यात तीन गोष्टी मागा: कर्जखात्याचा उतारा, जामीनरोख्याची प्रत आणि कलम ४९ च्या मागणीपत्रांच्या प्रती. चौथी मागणी अशी, की सरांचे पतसंस्थेतले भाग (शेअर) आणि वर्गणीची ठेव पोटनियमांप्रमाणे थकबाकीत वळती करावी. बऱ्याच वर्षांच्या सभासदाची ही रक्कम लाखाच्या पुढे असू शकते आणि ती निवृत्तीच्या वेळी सरांच्या हातात पडण्याआधी अडवायला हवी.

जामीनरोखा हातात आला की एकच पाहा: या कर्जाचं मध्ये नवं-जुनं झालंय का? तुमची सही न घेता मुदत किंवा रक्कम बदलली असेल, तर करार कायद्याच्या कलम १३३ खाली त्यापुढच्या व्यवहारातून तुम्ही सुटू शकता. मात्र छापील रोख्यात ‘संस्थेने बदल केल्यास माझी हरकत नाही’ अशी ओळ बहुतेक वेळा असते, तेव्हा वकिलाला मूळ मजकूर दाखवा.

सरांशीही बोला, पण स्टाफरूममध्ये नको, लिपिकांना घेऊन बसा. रजा रोखीकरणाची अपेक्षित रक्कम, बचतीच्या विमा पॉलिसी, गावाकडची जमीन, काय आहे ते लिहून घ्या. तोंडी शब्द नको, तारखा टाकलेले धनादेश घ्या. तुम्हाला एखादा हप्ता भरावाच लागला तर पावतीवर ‘जामीनदार म्हणून भरणा’ असं लिहून घ्या. त्या ओळीवरच करार कायद्याच्या कलम १४० आणि १४५ खाली सरांकडून, आणि कलम १४६ खाली लिपिकांकडून, पैसे मागण्याचा तुमचा हक्क उभा राहतो. सरांच्या खात्यात नुसते पैसे टाकलेत तर ती उसनवारी ठरवली जाऊ शकते. सहकार कायद्याच्या कलम १०१ च्या वसुली दाखल्याची नोटीस आली तर सुनावणीला स्वतः जा. गैरहजर राहिलात तर दाखला निघतो आणि वसुली जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी होते.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर आता उरलंच किती? ठेव मोडायची नाही. तुमच्या वाट्याचे निम्मे धरले तरी २,४५,००० होतात आणि ठेव आहे २,२०,०००. हप्तेही नकोत. खर्च जाऊन तुमच्याकडे महिना १४,००० उरतात, त्यातले ९,७२२ कोर्सला दिलेत तर सरांचा एक हप्ता अंगावर आला तरी गृहकर्ज अडकेल. ठेवीची मुदत संपेल तेव्हा मात्र तिचे दोन तुकडे करा, १,००,००० आणि १,२०,०००, म्हणजे गरज पडल्यास सगळ्यावर दंड बसणार नाही.

विषय शिकायची हौस खरी असेल तर त्याला दीड लाख लागत नाहीत. केंद्र सरकारच्या ‘स्वयम’ या संकेतस्थळावर अभ्यासक्रम मोफत आहेत, फक्त परीक्षेची फी पडते. ऑनलाइन वर्ग आणि चाचण्या चालवायचं मूडल हे सॉफ्टवेअरही फुकट आहे. नववीच्या एका तुकडीचा एक घटक घ्या, पाच मिनिटांच्या आतले तीन व्हिडिओ आणि दहा प्रश्नांची चाचणी करा, आणि चाचणी रात्री दहापर्यंत उघडी ठेवा. बऱ्याच घरांत मोबाइल एकच असतो आणि तो दिवसभर वडिलांबरोबर शेतात असतो, चारची मुदत ठेवलीत तर निम्मी तुकडी गैरहजर दिसेल. पदवीच हवी असेल तर इग्नूचे शिक्षणविषयक अभ्यासक्रम पाहा आणि संस्थेची परवानगी लेखी घ्या. तिथे जानेवारी आणि जुलै अशी दोन सत्रं असतात. सरांची कपात पगारपत्रकात सलग तीन महिने दिसली की त्यापुढच्या सत्राला अर्ज भरा.