आईला आधी एकटीला विचार

प्रिय लेकी,

तुझं पत्र मिळालं. दोनदा वाचलं, मग आमच्या सरांना मोठ्यानं वाचून दाखवलं. बाबा 61 चे, आई 58 ची, बाबांचा गुडघा दुखतो, आईला बीपीची गोळी, आणि दोघं म्हणतात की आम्ही दोन वर्षांसाठी नेपाळात सेवेला जातो. वसतिगृहाचा हिशेब बाबा बघतील, स्वयंपाकघर आई. तू विचारलंस, "मावशी, त्यांना थांबवू का?"

थांबवू नकोस. पण एक काम कर. एखाद्या संध्याकाळी बाबा बाहेर गेले की आईजवळ स्वयंपाकघरात बस आणि तिला एकटीला विचार, की तुला जायचंय का?

आम्ही दोघं नेपाळात सेवेला निघालो, तेव्हा निरोपाच्या उपासनेत पाळकसाहेबांनी बायबलातल्या अब्राहामाचा दाखला दिला होता. देवाच्या बोलावण्यावरून तो हारान सोडून निघाला तेव्हा 75 वर्षांचा होता. सगळी मंडळी कौतुकानं सरांकडे बघत होती. मी मात्र त्याच्या बायकोचा, साराचा विचार करत बसले होते. तिला कुणी विचारलं होतं का, ते काही तिथे लिहिलेलं नाही. पाचारण सरांना झालं होतं. मी सामान बांधत होते. मी नाही म्हटलं नाही, पण हो असंही कधी म्हटलं नव्हतं, आणि हे तानसेनला पोचल्यावर तिसऱ्या आठवड्यात एका रात्री बाहेर पडलं. फार रडले मी त्या रात्री. सर गप्प बसून राहिले. मग म्हणाले, "सकाळी परतीची तिकिटं बघू." ते खरंच तयार होते, हे दिसलं, तेव्हा मी म्हटलं की आता राहू. माझा होकार तिथे आला, घरापासून इतक्या लांब. तुझ्या आईचा नगरातच येऊ दे.

आम्ही गेलो ते भूकंपानंतर चार महिन्यांनी. 25 एप्रिल 2015 चा तो भूकंप दुपारी बाराच्या सुमारास झाला, आणि तो शनिवार होता. नेपाळात सुट्टी शनिवारी असते, म्हणून ख्रिस्ती मंडळ्यांच्या उपासनाही शनिवारीच भरतात. कितीतरी ठिकाणी माणसं त्या वेळी प्रार्थनेला बसलेली होती. आमच्या मंडळीत ही गोष्ट कळली त्या दिवसापासून सरांच्या मनानं घेतलं. मी नुकतीच परिचारिकेच्या नोकरीतून निवृत्त झाले होते, सर शाळेतून. मनमाडहून गोरखपूर, तिथून सोनौलीची सीमा, मग बुटवल, आणि बुटवलपासून घाट चढत पाल्पा जिल्ह्यातलं तानसेन. साडेतेराशे मीटरवरचं गाव. थंडीत सकाळी खालचं माडीचं खोरं धुक्यानं असं भरतं, की पांढरं तळं पसरलंय असं वाटतं.

भारतीय माणसाला नेपाळात व्हिसा लागत नाही. त्यामुळे आपल्याला वाटतं, हा काय परदेश! लिपी आपलीच, भात-डाळ आपलीच, पाहुणा तिथेही पाहुना, वाट म्हणजे बाटो, आणि मायेला तर मायाच म्हणतात. पण बाबांना सांग, जवळच्या भाषेत माणूस जास्त फसतो. पहिल्याच आठवड्यात घरमालकीणबाईंनी आम्हाला जेवायला वाढलं आणि सरांना विचारलं, "मिठो छ?" सरांना वाटलं, मीठ जास्त झालंय का विचारतायत. ते सौजन्यानं म्हणाले, नाही नाही, अजिबात नाही. बाईंचा चेहरा उतरला. मिठो म्हणजे चवदार. मिठाला तिथे नून म्हणतात. हे आम्हाला चार दिवसांनी कळलं, तोवर बाई आमच्याशी बोलायच्या थांबल्या होत्या.

लिपीनंही असंच फसवलं. पहिल्या शनिवारी पाळकांनी सरांना शास्त्रपाठ वाचायला दिला. चौतीस वर्षं वर्गात धडे वाचलेला माणूस, खणखणीत आवाजात वाचला त्यांनी. उपासना संपल्यावर सगळे "जयमसी, जयमसी" करत भोवती जमले आणि भराभर नेपाळीत बोलू लागले. सरांना एक वाक्य कळेना. इतकं छान वाचणाऱ्याला भाषा येत नाही, हे कुणाला पटेना.

आता मुख्य सांगते, त्यासाठी तुला घाबरवायची तयारी आहे माझी.

तू आईबाबांवर फार प्रेम करतेस. रोज दोनदा फोन करशील. आमची मुलगी करायची. सकाळी सातला आणि रात्री नऊला. आम्ही तिला सगळं सांगायचो, आणि सगळं विचारायचोही. टोमॅटो कुठे मिळतात, हे ती पुण्यात बसून इंटरनेटवर शोधून आम्हाला सांगायची. खाली दोन पायऱ्या उतरल्या की घरमालकीणबाई बसलेल्या असायच्या, त्यांना विचारायचं आम्हाला सुचायचं नाही. येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर गोडा मसाला यायचा, ज्वारीचं पीठ यायचं, सरांचं तेल यायचं. दोन महिने आम्ही राहायला तानसेनला होतो आणि जगत होतो नगर-पुण्यातच. लेकीच्या मायेत खोट नव्हती, पण त्या मायेनं आमच्याभोवती भिंत घातली होती, हे आम्हा तिघांनाही कळलं नाही.

भिंत पडली ती आमच्या शहाणपणानं नाही. सप्टेंबर 2015 मध्ये नेपाळची नवी राज्यघटना आली, तराईत, म्हणजे भारताच्या सीमेलगतच्या सपाट भागात, आंदोलन पेटलं आणि सीमेवर माल अडला. नेपाळात सगळे त्याला भारताची नाकाबंदी म्हणत, दिल्ली ते नाकारत होती. आम्ही दोघं भारतीय. बाजारात कुणी वाईट बोललं नाही, पण आमचं हिंदी ऐकलं की माणसं गप्प व्हायची. गॅस मिळेना. अर्धेच भरलेले सिलिंडर वाटत होते, त्यालाही रांगा. त्यात हिवाळ्याचं लोडशेडिंग, दिवसाचे कितीतरी तास वीज नाही. फोन चार्ज होईना, वायफाय चालेना. सकाळी सातचा आणि रात्री नऊचा फोन बंद पडला.

आमचा सिलिंडर संपला ती संध्याकाळ मला स्पष्ट आठवते. अर्धा शिजलेला भात पातेल्यात तसाच होता. सर म्हणाले, आज बिस्किटं खाऊ. मी पातेलं घेऊन जिन्यात उभी राहिले. मागायची सवय नव्हती गं मला. आयुष्यभर देणाऱ्याच्या बाजूला उभी राहिलेली बाई मी, आणि आलेही होते द्यायलाच. खालून घरमालकीणबाईंनी वर बघितलं, माझ्या हातातलं पातेलं बघितलं आणि म्हणाल्या, "आमा, यतै पकाउनुस् न." इथेच शिजवा की. अंगणात त्यांची लाकडाची चूल पेटलेली होती. मी पाटावर बसले. धुरानं डोळ्यांत पाणी आलं, म्हणून बरं झालं.

त्या चुलीवर मी पुढचे चार महिने स्वयंपाक केला. तिथे मी नेपाळी शिकले. नाचणीला ते कोदो म्हणतात, तिच्या पिठाचं ढिंडो घोटतात. एका दिवशी मी त्याच पिठाची भाकरी थापली, परातीत, आपल्यासारखी गोल फिरवत. बाई हातातलं काम टाकून बघत राहिल्या. त्यांची सून, शेजारच्या दोघी, सगळ्या बसल्या थापायला. कुणाचीच गोल होईना. मग मला जमिनीवर पसरून गुंद्रुक, म्हणजे आंबवलेला पाला, वाळवायला शिकवलं त्यांनी, तेव्हा माझं काही धड होईना. हिशेब सारखा झाला. मिठोची गोष्टही त्या चुलीशीच निघाली. मी हसत हसत सरांची चूक सांगितली तेव्हा बाई एवढ्या हसल्या, की चुलीत फुंकर घालता येईना.

लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात प्रभू शिष्यांना पाठवतो तेव्हा काय सांगतो, ते बाबांना पाठच असेल. थैली नको, झोळी नको, ज्या घरी जाल तिथे ते वाढतील ते खा. मी हे लहानपणापासून ऐकत आले आणि मला वाटायचं, हे साधेपणाबद्दल आहे. त्या चुलीपाशी मला दुसरं दिसलं. रिकाम्या हातानं गेलेल्याला दुसऱ्याचं दार वाजवावंच लागतं. आम्ही भरल्या पेट्या घेऊन गेलो होतो, म्हणून दोन महिने कुणाचंच दार वाजवलं नाही.

म्हणून सांगते, पहिले तीन महिने आठवड्यातून एकदाच फोन कर. हे तुला जड जाईल. आईलाही जड जाईल. पण तिला टोमॅटो कुठे मिळतात ते शेजारणीलाच विचारू दे. औषधं मात्र या नियमात बसत नाहीत. बीपीच्या गोळ्या सहा महिन्यांच्या दे, गोळीचं रासायनिक नाव लिहिलेली डॉक्टरांची चिठ्ठी दे, कारण तिथे कंपनीचं नाव वेगळं असू शकतं. दोघांचे जुने ईसीजी आणि रिपोर्ट एका फाइलीत घाल. रात्री-अपरात्री निघायचं झालं तर कुणाची गाडी, कुठला रस्ता, हे तिथल्या एका माणसाशी तू स्वतः आधी बोलून ठेव. पैशाचं सोपं आहे, आपले 100 म्हणजे त्यांचे 160, कित्येक वर्षं तोच भाव आहे. तारखांचं मात्र बाबांना आधीच सांग, हिशेब लिहिणार आहेत म्हणून. तिथे सगळे सरकारी कागद विक्रम संवतावर चालतात. आम्ही पोचलो तेव्हा 2072 चालू होतं आणि वर्ष एप्रिलच्या मध्यावर बदलतं.

कायद्याचं नीट ऐक, कारण यात प्रेमळ माणसंच चुकतात. नेपाळच्या राज्यघटनेच्या कलम 26 नं आणि 2018 पासून लागू झालेल्या फौजदारी संहितेनं दुसऱ्याचं धर्मांतर घडवणं गुन्हा ठरवलंय. 5 वर्षांपर्यंत कैद आणि 50 हजार रुपयांपर्यंत दंड. परदेशी माणसाला शिक्षा भोगून झाल्यावर देशाबाहेर काढतात. तिथली ख्रिस्ती मंडळी लहान आहे, 2021 च्या जनगणनेत लोकसंख्येच्या पावणेदोन टक्क्यांच्या आसपास, आणि आपल्या उत्साहाची किंमत तिलाच मोजावी लागते, कारण आपण परत येतो आणि ती माणसं तिथेच राहतात. वसतिगृहातल्या मुलांना आई जेवण वाढेल, ते जेवण म्हणूनच वाढायचं. त्याला दुसरी कुठलीही दोरी बांधायची नाही. कायदा नसता तरी मी हेच म्हटलं असतं.

तानसेनच्या लोकांकडून एका जोडप्याची गोष्ट ऐकली होती, ती बाबांना आवडेल. रॉबर्ट फ्लेमिंग मसुरीच्या शाळेत शिकवायचे आणि पक्ष्यांचे अभ्यासक होते. राणाशाहीत नेपाळ बाहेरच्यांना जवळजवळ बंदच होता. 1949 मध्ये ते पक्ष्यांसाठी परवानगी काढून पाल्पाकडे आले. पुढच्या फेरीत पत्नी बेथेल बरोबर होत्या. त्या डॉक्टर. पक्षी बघायला आलेल्यांच्या तंबूबाहेर रोग्यांची रांग लागली. त्यातून सरकारशी बोलणी झाली आणि 1954 मध्ये मिशनचं काम परवानगीनं सुरू झालं. तेव्हा दोघंही पन्नाशीच्या आसपासचे होते. आधी पाहुणे झाले, मग बोलावलं गेलं, हा क्रम मला मोलाचा वाटतो. आपल्या नगरातही असं कुणी तरी आलंच होतं की. सिंथिया फरार 1827 मध्ये मुंबईत उतरल्या, पुढे नगरला आल्या, मुलींच्या शाळा चालवल्या, 1862 मध्ये नगरातच गेल्या. आपल्या पणज्यांनी त्यांना काय काय शिकवलं असेल, याचा विचार मी तानसेनला जाईपर्यंत कधी केला नव्हता.

बाबांबद्दल एक काळजी आहे. माझी नर्सिंग परिषदेची नोंदणी यायला वेळ लागला, तोवर मला रुग्णाला हात लावायची परवानगी नव्हती. पट्ट्या गुंडाळल्या, नातेवाइकांशेजारी बसले, पण दिवस गेला. सरांचं तसं नव्हतं. जन्मभर "सर, सर" ऐकलेला माणूस एकदम कुणीच नाही झाला. पायरीवर बसून राहायचे. मला त्यांच्याकडे बघवायचं नाही. शेवटी घरमालकीणबाईंचा सात वर्षांचा नातू पुस्तक घेऊन शेजारी येऊन बसला. त्याचं दुसरीचं नेपाळीचं पुस्तक. तो वाचायचा, सर वाचायचे, आणि मग तो अर्थ हातवारे करून सांगायचा. चुकलं की सरांच्या गुडघ्यावर चापट मारायचा. सर रोज चार वाजायची वाट बघायचे. बाबांचा हिशेब पहिल्या दिवसापासून सुरू असेल, त्यामुळे हे त्यांना टळेल असं तुला वाटेल. पण हिशेब सकाळी संपतो. दुपारी चारला त्यांच्याशेजारी कुणीतरी बसायला हवं, आणि ती जागा तू फोनवरून भरू नकोस.

परतीची तारीख आधीच ठरवा, कागदावर लिहून ठेवा. आम्ही तीन वर्षांनी आलो तेव्हा सरांच्या कंबरेनं सांगितलं म्हणून आलो, आणि निरोप घाईत झाला. घरमालकीणबाई शेतावर होत्या. त्यांना सांगून निघायचं राहिलं, ते अजून सलतं मला.

येत्या रविवारी उपासनेनंतर दोघांना घेऊन ये, जेवायलाच या. ते दुसरीचं पुस्तक नातवानं सरांना देऊन टाकलं होतं. सरांनी ते आजच कपाटातून काढून टेबलावर ठेवलंय, समासात त्यांच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत. बाबांना द्यायचंय म्हणाले. पण रविवारच्या आत आईशी बोल. ती नाही म्हणाली तरी या, पुस्तक इथेच राहील.

तुझी,
मावशी