मतपेटी मोडली की बंदुकीला माणसं मिळतात: अल्जीरियाचं उदाहरण

अरब जगातला दहशतवाद पाश्चात्त्यांच्या धोरणांनी जन्माला घातला की तो मुळातच विचारसरणीत आहे, असं तुम्ही विचारलंय. शिवाय हमासने निवडणूक जिंकली तेव्हा त्यांच्याशी बोलायला हवं होतं का, हेही. या विषयावर दोन्ही तट ११ सप्टेंबरपासून सुरुवात करतात. मी दहा वर्षं मागे, अल्जीरियात जाईन. तिथे तेव्हा पाश्चात्त्य सैन्य उतरलंच नव्हतं.

२६ डिसेंबर १९९१ ला तिथे पहिल्या बहुपक्षीय संसदीय निवडणुकीची पहिली फेरी झाली. निकाल लागलेल्या २३१ जागांपैकी १८८ इस्लामिक साल्व्हेशन फ्रंट या इस्लामी पक्षाने, म्हणजे फीसने, घेतल्या. स्वातंत्र्यापासून सत्तेवर असलेल्या एफएलएन या पक्षाचं पानिपत झालं. दुसरी फेरी १६ जानेवारीला होती. त्याआधीच, ११ तारखेला, राष्ट्राध्यक्ष शादली बेनजदीद यांना लष्कराने पायउतार केलं आणि निवडणूक गुंडाळली. मार्चमध्ये फीसवर बंदी आली, हजारो कार्यकर्ते सहारातल्या छावण्यांत गेले.

ही सगळी मतं शरियतसाठी होती असं समजू नका. १९८६ साली तेलाचे भाव कोसळल्यावर तरुणांच्या हाताला काम उरलं नव्हतं. ऑक्टोबर १९८८ मध्ये ते रस्त्यावर उतरले, तर लष्कराने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. पुढच्या वर्षी टिपाझाला भूकंप झाला तेव्हा सरकारी यंत्रणा ढिम्म होती आणि फीसचे स्वयंसेवक तंबू-जेवण घेऊन पोचले होते. शिवाय फीसला नोंदणीकृत मतदारांपैकी जेमतेम चौथ्या हिश्शाची मतं मिळाली होती. बरेच लोक मतदानाला गेलेच नव्हते.

पाश्चात्त्यांनी काय केलं? फ्रान्सचे अध्यक्ष मित्तराँ यांनी सुरुवातीला थोडी नाराजी दाखवली, मग पॅरिस लष्कराच्याच पाठीशी राहिलं. अमेरिकेचे अधिकारी एडवर्ड जेरेजियन यांनी जून १९९२ मध्ये बजावलं की ‘एक माणूस, एक मत, तेही एकदाच’ असं मानणाऱ्यांना आमचा पाठिंबा नाही. भीती अगदीच खोटी नव्हती. फीसचा नेता अली बेल्हाज लोकशाहीला उघडपणे कुफ्र, म्हणजे धर्मद्रोह, म्हणत असे. पण ‘हे लोक पुढे निवडणुका बंद करतील’ म्हणून आत्ताच निवडणूक बंद करायची, हा उपाय मला कधीच पटला नाही.

आता विचारसरणीवाल्यांच्या बाजूचा एक मुद्दा, जो दुसरा तट सोयीस्करपणे गाळतो. नोव्हेंबर १९९१ मध्ये, म्हणजे मतदानाच्याही आधी, सशस्त्र इस्लामी टोळीने अल्जीरियातल्या गेमारच्या सीमाचौकीवर हल्ला करून सैनिक मारले होते. अफगाणिस्तानातून लढून परतलेल्यांना मतपेटी नकोच होती. म्हणजे बंदूकवाले आधीच होते. निवडणूक मोडल्यामुळे त्यांना माणसं मिळाली. ‘बघा, मत देऊन काय मिळालं?’ या प्रश्नावर फीसमधल्या मवाळांकडे उत्तर उरलं नाही. पुढे अल-कायदाचा म्होरक्या झालेला जवाहिरी हेच इजिप्तच्या मुस्लिम ब्रदरहूड या निवडणुका लढवणाऱ्या संघटनेला वर्षानुवर्षं सुनावत होता.

सेनापतींनाही आपल्याकडे राज्य करण्याचा नैतिक अधिकार नाही हे कळत होतं. म्हणून तर त्यांनी राष्ट्रप्रमुख म्हणून मोहम्मद बुदियाफ यांना आणलं. स्वातंत्र्ययुद्धाच्या संस्थापकांपैकी एक, पण कित्येक वर्षं मोरोक्कोत परागंदा, केनित्राला वीटभट्टी चालवणारा माणूस. हात स्वच्छ होते, एवढंच त्यांचं भांडवल. त्यांनी खरोखरच भ्रष्टाचाराला हात घातला. २९ जून १९९२ ला अन्नाबाच्या सभागृहात ते भाषण करत असताना त्यांच्याच सुरक्षेतल्या एका अधिकाऱ्याने पाठीमागून गोळ्या झाडल्या, तेही टीव्हीचे कॅमेरे चालू असताना. ‘एकट्याचं कृत्य’ हा सरकारी निष्कर्ष अल्जीरियात फार थोड्यांना पटतो.

पुढे जीआयए या सशस्त्र इस्लामी गटाने पत्रकार, शिक्षक, गावंच्या गावं कापली. सप्टेंबर १९९७ मध्ये अल्जीयर्सजवळच्या बेंतल्हात रात्रभर कत्तल चालली, आणि लष्कर हाकेच्या अंतरावर असूनही आलं नाही, असं वाचलेल्यांनी सांगितलं. दशकभरात एक ते दोन लाख माणसं मेली असं मानलं जातं. हे रक्त पॅरिसच्या माथी मारता येणार नाही. सुरी ज्याच्या हातात होती तो गुन्हेगार. पण जानेवारी १९९५ मध्ये रोममध्ये फीस, एफएलएन आणि एफएफएस हा विरोधी पक्ष यांनी मिळून हिंसा नाकारणारा आणि पुन्हा निवडणुका मागणारा मसुदा मांडला, तेव्हा राजवटीने तो फेटाळला. पाश्चात्त्यांनी त्यासाठी राजवटीवर खरा दबाव आणला नाही, उलट कर्जफेडीला मुदतवाढ आधीच देऊन ठेवली होती. माझा खरा आक्षेप या ठिकाणी आहे.

ट्युनिशिया मात्र माझ्या मांडणीत बसत नाही, हे सांगितलं पाहिजे. तिथे एन्नहदा या निवडून आलेल्या इस्लामी पक्षाने २०१४ मध्ये शांतपणे सत्ता सोडली, तरी हजारो ट्युनिशियन तरुण आयसिसकडे गेलेच. तेव्हा निवडणुका हा रामबाण नाही.

आणि हमास. जानेवारी २००६ मध्ये पॅलेस्टिनी संसदेच्या १३२ पैकी ७४ जागा त्यांनी मिळवल्या. निवडणूक निरीक्षकांनीही ती खुली म्हणून मान्य केली होती. इस्रायलला मान्यता, हिंसेचा त्याग, आधीचे करार मान्य, या अमेरिका-युरोप वगैरेंनी हमासला घातलेल्या तीन अटी मला गैर वाटत नाहीत. पण त्या मतदानाआधी ठेवायच्या असतात. निकाल लागल्यावर अटी पुढे करून मदतीचा पैसा तोडला, तर मतदाराला शिक्षा केल्यासारखंच होतं. ७ ऑक्टोबर २०२३ च्या इस्रायलवरच्या हल्ल्याची जबाबदारी मात्र हमासचीच, ती यामुळे तसूभर कमी होत नाही. पॅलेस्टिनी अध्यक्ष महमूद अब्बास २००५ च्या जानेवारीत चार वर्षांसाठी निवडून आले होते. २००६ नंतर पॅलेस्टिनींनी ना अध्यक्ष निवडला ना संसद, आणि पाश्चात्त्य राजधान्या आजही त्यांचे प्रतिनिधी म्हणून अब्बास यांनाच बोलावतात.