काम रांगेने येतं की हाकेने, ते आधी बघा

तुमची पोस्ट काल रात्री वाचली आणि झोपण्याआधी पुन्हा उघडून वाचली. वय ४६, माणसं सांभाळण्याची नोकरी, रविवार दुपारपासूनच पोटात गोळा. आणि प्रश्न एवढाच, की पुढचं ठरेपर्यंत वर्ष-दीड वर्ष जरा श्वास घेता येईल अशी, अंतर्मुख माणसाला झेपेल अशी कमी ताणाची नोकरी कुठली. मी ४७ची होते तेव्हा अगदी हाच प्रश्न घेऊन बसले होते. १७ जणांची टीम माझ्याकडे होती. म्हणून लिहायला घेतलं. उत्तर लांबेल, त्याबद्दल आधीच माफी.

खर्चाचा हिशोब, विमा, घरच्यांशी बोलणं, हातातली नोकरी न सोडता दुसरी शोधणं हे सगळं तुम्ही केलंच असेल, त्यात शिरत नाही. मी समुपदेशक नाही. एका माणसाचा अनुभव म्हणून वाचा.

माझी सगळ्यात महाग पडलेली चूक म्हणजे एक वाक्य. नोकऱ्या मिळवून देणाऱ्या एका कार्यालयात मी गेले होते. समोरच्या बाईंना म्हणाले, "पद नको, जबाबदारी नको, पगार कमी असला तरी चालेल. शांत असेल ते काहीही चालेल." त्यांनी अपेक्षेच्या रकान्यात 'काहीही' एवढंच लिहिलं. मी ते उलट बाजूने वाचलं आणि तरी गप्प बसले. त्यानंतर दोन वेळा त्यांनी मला पुन्हा टीम सांभाळायच्याच जागा दाखवल्या, कारण त्यांच्या नोंदीत माझं शेवटचं पद तेच होतं. तिसऱ्यांदा फोन आला: "रेकॉर्ड रूम आहे मॅडम, कागद लावायचे, कोणी बोलायलाही येणार नाही." मी जागा न बघता हो म्हटलं.

काम खरंच छान होतं. जुन्या फायलींवरचे क्रमांक नव्या यादीशी जुळवायचे, फाटलेल्या कडा चिकटवायच्या, खोका भरला की बंद करून वर चिठ्ठी लावायची. हे असंच कोणी दिवसभर करू दिलं असतं तर मी आजही तिथे असते. पण माझं टेबल दारासमोर होतं आणि मजल्यावरचा प्रिंटर माझ्या पाठीशी. जो येईल तो आधी मला विचारणार. अमुक साहेब कुठे बसतात, कागद अडकलाय बघा, ती २ वर्षांपूर्वीची फाईल आत्ता लागतेय, लगेच. मी यादीवरच्या ओळीवर बोट ठेवून मान वर करायचे, उत्तर द्यायचे, आणि मान खाली घालेपर्यंत बोट दुसऱ्याच ओळीवर सरकलेलं असायचं. मग पुन्हा वरून मोजायला सुरुवात. एका सोमवारी मी कोऱ्या कागदावर प्रत्येक हाकेला एक रेघ ओढली. संध्याकाळी ४१ रेघा झाल्या होत्या.

मी वरिष्ठांना तीन गोष्टी सुचवल्या. टेबल कोपऱ्यात नेऊ का? फायलींची मागणी चिठ्ठीवर लिहून ट्रेमध्ये टाकायला सांगू का? निदान सकाळचे दोन तास दार बंद ठेवू का? तिन्हींना उत्तर एकच, "इथे तशी पद्धत नाही."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की जुन्या नोकरीत डोक्यावर कितीही ओझं असलं तरी मी मीटिंग पुढे ढकलू शकत होते, दार लावून बसू शकत होते, एखादं काम उद्यावर टाकू शकत होते. पायरी उतरले तर ताण उतरेल असं मी धरून चालले होते. प्रत्यक्षात आधी माझा ताबा गेला, आणि ताण होता तिथेच राहिला, थोडा वाढलाच.

हे माझं एकटीचं रडगाणं नाही. कामाच्या ताणाचा अभ्यास करणारे संशोधक रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्ये मांडलं होतं की कामाची मागणी आणि कामावरचा आपला ताबा या दोन गोष्टी एकत्र बघाव्या लागतात. मागणी जास्त आणि ताबा कमी, अशा कामात माणूस सगळ्यात जास्त पिळवटून निघतो. ब्रिटनमधल्या सरकारी कर्मचाऱ्यांचा 'व्हाइटहॉल' अभ्यासही वाचा. त्याचा दुसरा टप्पा मायकेल मार्मट यांच्या नेतृत्वाखाली १९८५ मध्ये सुरू झाला आणि त्यात ३५ ते ५५ वयाचे दहा हजारांहून अधिक लोक होते, म्हणजे आपल्याच वयाचे. कामावर ज्यांचा ताबा कमी, त्यांच्यात हृदयविकाराचं प्रमाण जास्त दिसलं. मोठ्या साहेबालाच हार्ट अटॅक येतो, ही आपली समजूत तिथे टिकली नाही. रेकॉर्ड रूममध्ये जायच्या आधी हे माझ्या वाचनात आलं असतं तर ७ महिने वाचले असते.

७ महिन्यांनी मी सोडलं आणि पुन्हा त्याच कार्यालयात गेले. बाईंनी फॉर्म काढला, 'काहीही'वर पेन टेकवला आणि म्हणाल्या, "तुम्हीच सांगितलं होतं ना?" हो, सांगितलं होतं. पण दिवस कसा जातो, किती लोक येतात, कोण कोणाला अडवू शकतं, यातला एकही प्रश्न त्यांनी मला किंवा त्या जागेला विचारला नव्हता. त्यांच्या फॉर्मवर शिक्षण, अनुभव, पगार एवढेच रकाने. थकून आलेला मध्यमवयीन माणूस स्वतःहून नीट मागू शकत नाही. त्याला विचारावं लागतं. हा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

तेव्हा कुठेही गेलात तरी 'काहीही' हा शब्द तोंडातून काढू नका. त्याऐवजी एक प्रश्न विचारा: इथे काम रांगेने येतं की हाकेने? रांगेने म्हणजे ट्रेमध्ये, यादीत, ईमेलवर पडलेलं, तुम्ही एकेक उचलायचं. हाकेने म्हणजे कोणीतरी समोर येऊन उभं राहणार आणि हातातलं टाकून उठायचं. अंतर्मुख माणसाचा जीव माणसांनी जात नाही, हाकांनी जातो, असं माझं ठाम मत आहे. (सगळ्यांना लागू पडेलच असं नाही.) दुसरा प्रश्न: या खुर्चीवर आधी कोण होतं आणि का गेलं? उत्तर देताना समोरचा इकडेतिकडे बघू लागला तर समजून घ्या. आणि जमलं तर त्या जागी गर्दीच्या वेळी तासभर बसून या. लाजू नका, मी पुढच्या वेळी सरळ विचारलं आणि त्यांनी बसू दिलं.

आता तुमच्या यादीतली तीन कामं.

रात्रपाळीचा पहारा. शांतता मिळेल, पण या वयात मी नाही म्हणेन. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने रात्रपाळीच्या कामाला 'बहुधा कर्करोगकारक' या गटात ठेवलंय, आधी २००७ मध्ये आणि पुन्हा तपासून २०१९ मध्ये. शिवाय चाळिशीनंतर दिवसाची झोप नीट लागत नाही, आणि तुम्हाला तर झोपच परत मिळवायची आहे.

वाचनालयाचा काउंटर. पुस्तकांकडे बघून भुलू नका. काउंटर म्हणजे हाकाच. उशिराचा दंड, हरवलेलं कार्ड, "माझं नाव यादीत आधी होतं". त्याच वाचनालयात मागच्या खोलीत पुस्तकांची नोंदणी, दुरुस्ती, वर्गवारी असं काही असेल तर मात्र जरूर बघा.

घरून मुद्रितशोधन. तिन्हींत हेच मला बरं वाटतं. काम रांगेने येतं. दोन सूचना: आधी चाळिशीचा नंबर तपासून घ्या, कारण मी जुन्याच चष्म्याने बारीक काम सुरू केलं आणि रोजच्या डोकेदुखीला महिनाभर कामाचा ताण समजत राहिले. आणि आठवड्यातून एकदा तरी कुणाला भेटायचं ठरवून ठेवा. अंतर्मुख माणसालाही ओळखीचे दोन-तीन चेहरे लागतात, घरात बसून ते कळायला उशीर होतो.

मला शेवटी मोजमापाची उपकरणं तपासायचं काम मिळालं. ट्रेमध्ये उपकरणं यायची. एकेक काढायचं, पुसायचं, प्रमाणित मापाशी ताडून बघायचं, फरक वहीत लिहायचा, तारखेचं लेबल चिकटवायचं आणि उजवीकडच्या ट्रेमध्ये ठेवायचं. खोलीत अजून दोघं होते, चहाच्या वेळी बोलायचो. पगार आधीच्या निम्म्याहून थोडा जास्त. तिथे मी २ वर्षं काढली. दुसऱ्या की तिसऱ्या महिन्यात एका रविवारी संध्याकाळ झाली तरी पोटात काहीच होत नव्हतं. ते मला सोमवारी सकाळी आठवलं.

मुलाखतीत 'मी अंतर्मुख आहे' असं सांगू नये असं मला वाटतं, समोरचा त्याचा अर्थ माणूसघाणा असा घेतो. 'एका वेळी एकच काम हातात असलं की माझं काम उत्तम होतं' हे सांगा, तेही खरंच आहे. इतक्या अनुभवानंतर खाली का येताय, असं विचारतीलच. मी म्हणाले, "माणसं सांभाळून झाली, आता हाताने काम करायचंय, किमान दीड वर्ष कुठे जाणार नाही." त्यांना कालावधी हवा होता, तो मिळाल्यावर पुढे कोणी खोदून विचारलं नाही.

एक मात्र बघा. तुम्ही लिहिलंय की सुट्टीतही थकवा जात नाही आणि आवडीच्या गोष्टींतही मन लागत नाही. हे नुसतं अंतर्मुख असणं नाही. कामामुळे येणाऱ्या थकव्याला, ज्याला बर्नआउट म्हणतात, जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आपल्या आजारांच्या वर्गीकरणात कामाशी निगडित स्थिती म्हणून जागा दिली आहे, आजार म्हणून नाही. पण नैराश्य वेगळं असतं आणि बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. नोकरी शोधत असतानाच डॉक्टरांना एकदा दाखवून घ्या. मी ते वर्षभर टाळलं.

मुद्रितशोधनासाठी नमुन्याचं काम मागितलंत की किती पानं, किती दिवसांत, आणि मधेच फोन करतात का, एवढं त्यांच्याकडून लेखी घ्या. उत्तर आलं की इथे सांगा, मी बघते.