‘कोईव्हल’ : समवयस्क की समकालीन?

प्रश्न : माझी मुलगी भूशास्त्र शिकते. तिच्या इंग्रजी पुस्तकात खडकांविषयी ‘कोईव्हल’ हा शब्द वारंवार येतो. त्याचा अर्थ समवयस्क घ्यावा की समकालीन? आपल्या वयाच्या मित्राला तो लावता येईल का?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : आपण विचारलेले दोन मराठी शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात, याचे मला वाईट वाटते. लोकमान्य टिळक आणि आगरकर हे दोघेही जुलै १८५६ मध्ये जन्मले, म्हणून ते समवयस्क. गुहागर तालुक्यातील कोतळूकचे गोपाळ कृष्ण गोखले १८६६ चे, म्हणजे टिळकांहून दहा वर्षांनी धाकटे, त्यामुळे ते त्यांचे समकालीन खरे, पण समवयस्क नव्हेत.

‘कोईव्हल’चा रोख उगम एकाच काळातला असण्यावर आहे. लॅटिनमधील ‘को’ म्हणजे सह आणि ‘एव्हम’ म्हणजे आयुष्य किंवा युग. हा ‘एव्हम’ आणि आपला ‘आयुस्’ एकाच प्राचीन मुळातून आलेले आहेत, तेव्हा हा शब्द आपल्याला वाटतो तितका परका नाही. उच्चारात आघात ‘ई’वर येतो.

आता खडकांकडे वळू. ज्या जांभ्याचे चिरे आपल्या घरांना लागतात, तो रत्नागिरीच्या कड्यांत काळवत्रीला, म्हणजे काळ्या बेसाल्ट खडकाला, लागून दिसतो. परंतु काळवत्री सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाची आणि जांभा तिची झीज होऊन फार नंतर तयार झालेला, म्हणून त्यांना ‘कोईव्हल’ म्हणता येणार नाही. जे खडक खरोखर तसे असतील, त्यांना मराठीत ‘एकाच काळी घडलेले’ म्हणावे. ‘समवयस्क’ सजीवांसाठीच शोभतो.

मित्राला ‘कोईव्हल’ म्हणणे व्याकरणात बसते, पण रोजच्या इंग्रजी बोलण्यात ते फार पुस्तकी वाटेल.

आमच्या परसात काकांच्या जन्मसाली लावलेला एक माड आहे. गळून पडलेल्या झावळांचे वण त्याच्या खोडावर बुंध्यापासून वरपर्यंत कड्यांसारखे उमटले आहेत, आणि त्यांवर हात ठेवून काका म्हणतात, “हो माझ्या जोडीचो.” हे वाक्य इंग्रजीत न्यायचे झाले, तर मी ‘कोईव्हल’च वापरेन, कारण तो शब्द माणसाला आणि माडाला एकाच वेळी लागू पडतो.