मुलाखत बारा मिनिटांची, फी साडेअडतीस हजारांची

"सर, माझी मुलगी २५ वर्षांची आहे. बी.कॉम. झाल्यावर तिने जर्मन शिकायला घेतलं, बी२ पातळीपर्यंत झालं. घरीच सात-आठ मुलांची शिकवणी घेते. मागच्या आठवड्यात जर्मनीतल्या एका भाषाशाळेकडून शिक्षिकेच्या नोकरीचा मेल आला. व्हॉट्सॲपवर मुलाखत झाली आणि दुसऱ्याच दिवशी ऑफर लेटर आलं. पगार महिन्याला ३,२०० युरो, राहणं फुकट. कागदपत्रांच्या तपासणीचे ४,९९९ रुपये आम्ही भरले. आता व्हिसाच्या फाइलसाठी ३८,५०० मागताहेत, रुजू झाल्यावर परत मिळतील म्हणे. उद्या पाचच्या आत भरायचे आहेत. मुलीचे बाबा म्हणतात एफडी मोडू, संधी पुन्हा येत नाही. मुलगी काहीच बोलत नाही. भरावे की नाही?"
– एक आई, मानेवाडा, नागपूर

ताई, नमस्कार.

'भरू नका' हे उत्तर मी तुम्हाला त्याच संध्याकाळी फोनवर दिलं होतं. आता तुमच्या परवानगीने सविस्तर लिहितो, कारण गेल्या काही महिन्यांत अशाच वळणाची आणखी दोन प्रकरणं माझ्याकडे आली. एक फ्रेंचवाल्या मुलीचं, एक जपानीवाल्या मुलाचं.

दुसऱ्या दिवशी पाच वाजून गेले आणि संधी काही हातची गेली नाही. उलट त्यांनी मुदत सोमवारपर्यंत वाढवली आणि रक्कम २५,००० वर आणली, असं तुम्ही कळवलंत. सीताबर्डीच्या फुटपाथवर चादरीचा भाव उतरतो तसा. व्हिसाच्या फीमध्ये घासाघीस होत नसते. जर्मनीच्या दीर्घ मुदतीच्या व्हिसाची फी मोठ्या माणसासाठी ७५ युरो आहे. ती ठरलेली असते आणि अर्ज करताना अधिकृत ठिकाणीच भरायची असते, कोणा गृहस्थाच्या यूपीआयवर नाही.

पण मला खरं बोलायचं आहे ते मुलाखतीबद्दल. पैशाची मागणी आली की शंका सगळ्यांनाच येते, पण तोवर माणूस मनाने अर्धा जर्मनीत पोचलेला असतो. तुमच्या मुलीच्या बाबतीत खोट त्याच्या कितीतरी आधी दिसत होती.

मी तिला फोनवर विचारलं, काय काय विचारलं त्यांनी? ती म्हणाली, बारा मिनिटं झाली. त्यांचा कॅमेरा बंद होता. इंग्रजीत बोलले. शिकवायला का आवडतं, पासपोर्ट आहे का, कधी निघू शकाल, घरी कोण कोण असतं. मी विचारलं, जर्मनमध्ये किती बोलले? "सुरुवातीला गूटन टाग म्हणाले, सर." आणि डेमो? डेमो घेतलाच नाही.

इथेच थांबायला हवं होतं. ज्याला भाषेचा शिक्षक हवा असतो, त्याला आधी त्याचं शिकवणं ऐकायचं असतं. आपल्या नागपुरातली सीबीएसई शाळा आठवड्याला सहा तासिकांसाठी जर्मनची बाई ठेवते, तीसुद्धा सातवीच्या वर्गात उभं करून वीस मिनिटं शिकवायला लावते. मुख्याध्यापिका मागच्या बाकावर बसते, जर्मनचा ओ का ठो तिला कळत नसला तरी मुलं ऐकताहेत की बाकाखाली पाय मारताहेत, एवढं तिला कळतं. ऑनलाइन शिकवणारी बरी कंपनी असेल तर ती नमुना पाठ मागते, धड्याचा आराखडा मागते, एखादा कच्चा विद्यार्थी समोर बसवून बघते. आणि जर्मनीतली शाळा, तिथल्या लोकांना जर्मन शिकवायला नागपूरहून बाई बोलावणार आणि तिच्या तोंडून जर्मनचं एक वाक्य न ऐकता ३,२०० युरो देणार? हे कुठल्या हिशेबात बसतं?

दुसरी गोष्ट कामाची. ऑफर लेटरमध्ये लिहिलंय की ती तिथे आलेल्या परदेशी लोकांच्या 'इंटिग्रेशन कोर्स'ला शिकवणार. हे कोर्स जर्मनीत खरोखर आहेत आणि सरकारच्या पैशावर चालतात. पण ते शिकवायला बाम्फ नावाच्या त्यांच्या केंद्रीय कार्यालयाची मान्यता लागते, आणि ती नुसत्या बी२ वर मिळत नाही. मुलीला हे माहीत नसेल तर तिचा दोष नाही. पण ज्या शाळेचा धंदाच तो आहे, तिला माहीत नाही?

आता ते ऑफर लेटर. तुम्ही पाठवलेली पीडीएफ मी मोठी करून पाहिली. वर गरुडाचं चिन्ह, खाली गोल शिक्का, सही निळी. बघून कोणीही दबेल असं. दुसऱ्या परिच्छेदात मात्र कराराला 'डास फेअरट्राग' म्हटलंय, म्हणजे नपुंसकलिंगी. मला जर्मन तोडकंमोडकंच येतं, पण फेअरट्राग पुल्लिंगी आहे, 'डेअर फेअरट्राग', हे मलाही माहीत आहे. तुमच्या मुलीच्या विद्यार्थ्याने हे लिहिलं असतं तर तिने लाल पेनने गोल केला असता. फोनवर तिला हे दाखवलं, तर ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मी पाहिलं होतं, सर. मला वाटलं टायपिंगची चूक असेल."

तिने पाहिलं होतं, ताई. म्हणून ती गप्प होती.

माझ्या मते या मुलांना फसवणं सोपं जातं याचं एक कारण त्यांच्या शिक्षणातच आहे. परदेशी भाषा शिकणाऱ्याला फी भरायची सवय लागलेली असते. ए१ ची फी, ए२ ची फी, मग बी१. प्रत्येक पातळीची परीक्षा वेगळी, त्यासाठी पुण्या-मुंबईचं तिकीट वेगळं, एका भागात नापास झालं की पुन्हा पैसे. जपानीवाल्यांची जेएलपीटी ही परीक्षा जुलै आणि डिसेंबरमध्ये असते, त्यांचा मोसमच ठरलेला. चार-पाच वर्षं दर सहा महिन्यांनी कुठेतरी पैसे भरलेल्या मुलीला आणखी एक '४,९९९ व्हेरिफिकेशन चार्जेस' खुपत नाही. तो तिला पुढच्या पातळीसारखाच वाटतो. शिकण्याचे आणि परीक्षेचे पैसे आपण भरायचे हे बरोबरच आहे. नोकरीचे पैसे मात्र ते आपल्याला देणार असतात.

तुमच्या यजमानांचा मुद्दा होता की परदेशी पाठवणारे एजंट पैसे घेतातच. घेतात, खरं आहे. पण त्याला कायदा आहे, १९८३ चा उत्प्रवासन कायदा. परदेशी नोकरीसाठी माणसं भरणाऱ्या एजंटची परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी लागते आणि त्याला परवाना क्रमांक असतो. नोंदणीकृत एजंटांची यादी सरकारच्या ईमायग्रेट पोर्टलवर कोणालाही बघता येते. त्याला घेता येणारी सेवा फी जास्तीत जास्त ३०,००० रुपये, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५,४००. तीही पावती देऊन. तुमच्याकडून यांनी मागितले ४,९९९ आणि ३८,५००, दोन्ही मिळून ४३,४९९. परवाना क्रमांक विचारा म्हटल्यावर त्यांनी काय उत्तर दिलं? "मॅडम, वी आर डायरेक्ट एम्प्लॉयर." डायरेक्ट मालक असेल तर मग फी कसली, हा प्रश्न मुलीने लगेच विचारला, हे मला फार आवडलं.

जर्मनीचं नाव सध्या का चालतं तेही सांगतो. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. बातम्या आल्या, जर्मनच्या क्लासेसची गर्दी वाढली. करार खरा आहे आणि जर्मन शिकवणाऱ्यांना त्यामुळे इथे काम वाढलंय हेही खरं. चोर नेहमी खऱ्या बातमीच्या मागे चालतो.

पैशावर निभावलं तर नशीब म्हणायचं. सप्टेंबर २०२२ मध्ये आपल्या परराष्ट्र मंत्रालयाला इशारा द्यावा लागला होता, कारण थायलंडमध्ये नोकरी म्हणून नेलेल्या शिकल्यासवरल्या भारतीय मुलांना सीमेपलीकडे म्यानमारच्या म्यावाडीत नेऊन सायबर फसवणुकीच्या कामाला जुंपलं जात होतं. तुमची मुलगी घरात आहे. हे मी घाबरवायला लिहीत नाही. पण 'पैसेच तर जातील, बघू तर' असं यजमान म्हणाले म्हणून लिहिलं.

आणि तुम्ही भोळे आहात म्हणून हे झालं असंही नाही. आमच्या घरची गोष्ट सांगतो. माझी पत्नी फ्रेंच शिकवते. तीन वर्षांपूर्वी तिने शिकवणीची जाहिरात टाकली. लष्करातला अधिकारी म्हणून एकाचा फोन आला. बदली होऊन नागपूरला येतोय, दोन मुलं आहेत, तीन महिन्यांची फी आगाऊ देतो. वर्दीतला फोटो, ओळखपत्र, सगळं पाठवलं. म्हणाला, आमच्या खात्यातून पैसे वेगळ्या पद्धतीने निघतात, आधी तुम्ही एक रुपया पाठवा. पाठवला, तर दोन परत आले. मग क्यूआर कोड आला, ९,००० चा. स्कॅन करून पिन टाका म्हणजे पैसे तुमच्या खात्यात येतील. पत्नीने माझ्याकडे पाहिलं. मी जेवत होतो. ताटावरून मान वर न करता म्हणालो, "टाक ना पिन." गेले नऊ हजार. यूपीआयचा पिन पैसे द्यायलाच लागतो, घ्यायला कधीच लागत नाही, हे मी त्याच महिन्यात एका कॉलेजात मुलांना सांगून आलो होतो. घरात आजही पोळी वाढताना मधूनच ऐकू येतं, टाक ना पिन.

आता करायचं काय. गेलेल्या ४,९९९ साठी आजच्या आज १९३० ला फोन करा. राष्ट्रीय सायबर हेल्पलाइन आहे ती. व्यवहाराचा क्रमांक जवळ ठेवा. पैसे पुढच्या खात्यात असतील तर ते गोठवता येतात, म्हणून जितकं लवकर तितकं बरं. आठवडा उलटलाय, पैसे मिळतीलच असं मी म्हणणार नाही, तक्रार मात्र करायचीच. सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर लेखी तक्रार नोंदवा, तुमच्या बँकेलाही कळवा. व्हॉट्सॲपचं चॅट रागाने डिलीट करू नका, तोच पुरावा आहे. फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे, आणि दुसऱ्याचं नाव धारण करून संगणकाच्या साधनाने ठकवलं तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ड. त्यात तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

आधारची प्रत त्यांच्याकडे गेलीय. आधारचं बायोमेट्रिक लॉक करून ठेवा, ॲपवरून होतं. मुलीच्या नावावर कुठे कर्ज उचललं जात नाही ना, यासाठी सहा महिने तिचा क्रेडिट रिपोर्ट बघत राहा. आणि एक नक्की होईल, त्यासाठी तयार राहा. काही दिवसांनी फोन येईल, "आम्ही सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे पैसे मिळाले आहेत, सोडवायला थोडी प्रोसेसिंग फी लागेल." पोलीस पैसे परत द्यायला फी घेत नाहीत. तो फोनही त्यांचाच किंवा त्यांच्या भाऊबंदांचा.

राहता राहिले पेढे. तुम्ही फोन ठेवता ठेवता हळूच म्हणालात, "सर, आम्ही सोसायटीत पेढे वाटून बसलो." मला वाटतं, एफडी मोडायची तयारी त्यातूनच आली असावी. बत्तीस घरांना आता काय सांगायचं? जे झालं तेच सांगा. त्या बत्तीस घरांत दोन-चार तरी पोरं बाहेरगावच्या नोकऱ्यांसाठी मेल धाडत बसली असतील, आणि तुमच्या पेढ्यांमुळे त्यांच्याही आयांना हुरूप आला असेल.

मुलीच्या पुढच्या वाटेबद्दल. बी२ वर घरची शिकवणी चालते. शाळेत पाय रोवायचा तर त्याच्या वरची सी१ पातळी करायला हवी, आणि भाषा येणं वेगळं, शिकवता येणं वेगळं, म्हणून शिकवण्याचं प्रशिक्षणही. गोएथे इन्स्टिट्यूटचा शिक्षकांसाठी 'डीएलएल' नावाचा अभ्यासक्रम आहे, तो मला योग्य वाटतो. एक-दोन वर्षं बाहेर राहून शिकायची तयारी असेल तर पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे, हैदराबादला इफ्लू हे इंग्रजी आणि परकीय भाषांचं विद्यापीठ आहे. हैदराबाद आपल्याला पुण्यापेक्षा जवळ पडतं, हे आपल्याकडच्या पालकांना उगाचच सुचत नाही. जर्मनीला जायचंच असेल तर जावं, पण आधी शिकायला. तिथे जर्मन शिकवायला जाणं हा शेवटचा टप्पा आहे, पहिला नाही.

शनिवारी सकाळी अकराला तिला घेऊन माझ्याकडे या. यजमानांनाही आणा, त्यांच्यावर मी रागावलेलो नाही. तिला सांगा, जर्मनमधल्या दातीव विभक्तीवर दहा मिनिटांचा पाठ तयार करून यायचं, आठवीच्या मुलांना शिकवतोय असं समजून, खडू-फळ्यासकट. मागच्या बाकावर मी बसेन. माझी दातीव तशीही कच्चीच आहे.